पाक करणाऱ्याने आधी लटकायचं

ही गोष्ट कुणालाही पटणार नाही. पटलीच, तर खुशाल समजावं की ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं. हिच्यात एक बस उलटी चालते, एक इमारत मान तिरकी करते आणि एक म्हातारा साऱ्या वस्तीच्या आधाराने हवेत बसतो. आणि जिची ही गोष्ट आहे ती बाई आत्ता तिकडे खिडकीपाशी, पाय वर घेऊन, मांडीवर मांजर घेऊन बसलेली आहे. खरंखोटं करायला कुणी तिच्याकडे जाऊ नये. मांजर चावत नाही, पण मांजराचं काय घेऊन बसलात.

तिला सगळे काडी म्हणत. अंगाने काडी हे एक कारण. घासली की पेटते हे दुसरं. लोकांच्या नाकावर राग असतो. हिच्या बाबतीत आधी राग आला आणि मग त्याला टेकायला जागा हवी म्हणून नाक बसवलं.

काडी सूत काढायची. कापसाचं नव्हे, लोकरीचं नव्हे, काजळीचं. निदान बघणाऱ्याला ती काजळीच वाटे. डब्यातून काळा भुगा यायचा, इतका हलका की झाकण उघडताना कुणी शिंकलं तर माल छताला लागायचा. पण त्या कार्बनच्या नळ्या होत्या, नॅनोट्यूब, इतक्या बारीक की केसाच्या जाडीत त्यांचं अख्खं गाव वसावं. एकेक नळी पोलादाला खाली बघायला लावणारी. मात्र एकटीचा उपयोग शून्य. सगळ्या एका दिशेला, अंगाला अंग लावून निजल्या तर दोर. नाहीतर नुसता गुंता, मोठ्या कुटुंबासारखा.

त्यांना सरळ निजवायचं तर आधी विरघळवायला हवं, आणि त्या नीट विरघळतात एका माथेफिरू आम्लात. त्या आम्लाचं पाण्याशी हाडवैर. थेंब तर सोडाच, नुसती दमट हवा लागली तरी पांढरा धूर सोडून फुत्कारणार. म्हणून सगळं काम बंद काचपेटीत, कोरड्या हवेत, पेटीला बसवलेल्या लांब रबरी मोज्यांत कोपरापर्यंत हात घालून. पाहुणे विचारायचे, एवढ्या तापट आम्लाशी बाईंचं जमतं कसं? धाकटा भाऊ हसून सांगायचा, जमायचं काय त्यात, एकाच आईच्या दोघी.

आम्लात नळ्या मुरल्या की दाट काळा द्रव व्हायचा, त्याला त्यांच्या कारखान्यात पाक म्हणत. तो झाला की नाही हे बघायची रीतही स्वयंपाकघरातलीच. काचेची कांडी बुडवायची, उचलायची आणि तार बघायची. तार लांब, सुस्त, न तुटता खाली उतरली की पाक झाला. मग तो दाबाने एका बारीक भोकातून एसीटोनच्या लांबट टाक्यात सोडायचा. तिथे आम्ल सुटून जातं, नळ्या एकमेकींना धरून मागे राहतात आणि टाक्याच्या दुसऱ्या टोकाला काळं ओलं सूत बाहेर येतं. पुढे पाण्याचं टाकं, अंगावरचं उरलंसुरलं आम्ल धुवायला. त्यापुढे रहाट. पाक ज्या गतीने येतो त्यापेक्षा रहाट जोरात फिरवायचा, म्हणजे ओल्या सुताला ताण बसतो आणि वाकड्यातिकड्या झोपलेल्या नळ्या निमूट रांगेत येतात. तुटेपर्यंत ताणू नये असं सगळं जग सांगतं. काडी म्हणायची, जगाने कधी सूत काढलंय? ओलं असताना जे ताणलं नाही ते सुकल्यावर तुटणारच.

कारखाना बहीणभावाचा. काडी आत, काचपेटीपाशी. धाकटा बाहेर, माणसांपाशी. धाकट्याला साखऱ्या म्हणत, कारण त्याच्या तोंडात साखर होती आणि ती कधी विरघळून संपत नसे. तोही शिकलेला होता, रहाट आणि यंत्रं त्याने स्वतः बसवली होती, आळशी तर मुळीच नव्हता. फक्त त्याला एक खोड होती: जे दिसायला चांगलं ते चांगलं. भिंतीला ओल आली तर भिंत दुरुस्त करण्याआधी तो तिच्यापुढे कपाट ठेवायचा. आणि बाहेरच्यांशी बोलताना तो म्हणायचा, "आमचा धागा." तेवढं काडी गिळायची. पुढे म्हणायचा, "ताई असते मदतीला." ते मात्र तिच्या घशात अडकून बसलं होतं, काट्यासारखं, ना खाली ना वर.

त्यांचे वडील जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते. उंच इमारतींच्या पोटात, अंधाऱ्या विहिरीत उभं राहून पोलादी दोर हाताने चाचपायचे. म्हणायचे, दोर तुटायच्या आधी बोलतो; ऐकणारा पाहिजे. त्यांच्या धंद्यात एक रीत होती: नवा दोर चढला की पहिली फेरी तो बांधणाऱ्याने मारायची. बांधला तू, बस तू. मुलांनी कारखाना काढला तेव्हा म्हाताऱ्याने आशीर्वादाबरोबर हीच रीत देऊन टाकली. काडीने तिला आपल्या भाषेत घेतलं: पाक करणाऱ्याने आधी लटकायचं. पहिला धागा झाला तेव्हा ती दाराच्या चौकटीला तो बांधून स्वतः लोंबकळली, धागा टणकन तुटला, ती बुडावर आपटली आणि आठवडाभर उभ्याने जेवली. पण रीत मोडली नाही. नवा पाक झाला की आधी काडी लटकणार, मग धागा दाराबाहेर जाणार.

भांडण लागलं ते नळ्यांच्या लांबीवरून. लांब नळ्यांचं सूत चिवट, हे दोघांनाही मान्य. पण लांब नळ्या मुरायला हट्टी. दिवसचे दिवस हळूहळू ढवळत बसायचं, तरी गुठळ्या राहतात, भोक तुंबतं, सूत खरबरीत निघतं, त्याला केस असतात. आणि जवळच ठेवलेली होती आवाजाची कांडी. ती द्रवात बुडवून चालू केली की कानाला काही ऐकू येत नाही, फक्त दातांत शिरशिरी येते. पण त्या मुक्या आवाजाने गुठळ्या फुटतात, पाक लोण्यासारखा होतो, सूत निघतं ते बुटाच्या पॉलिशसारखं चकचकीत. कारण सोपं: कांडी गुठळ्यांबरोबर नळ्याही तोडते. तुकडे लवकर मुरतात. तुकड्यांचं सूत दिसतं रेशीम आणि असतं वाळकं गवत.

साखऱ्या म्हणायचा, थोडीशी कांडी, ताई, पाहुणे येण्यापुरती. काडी म्हणायची, माझ्या पाकाला कांडी लागली तर ती कांडी मी तुझ्या कानात चालू करीन. हे ती हसत म्हणत नसे.

आणि पाहुणे यायचे ठरले. मोठ्या कंपनीची माणसं. त्यांना पसंत पडलं तर हा धागा पुलांना, विमानांना, कुठे कुठे लागणार. साखऱ्याने बेत आखला: शिवणाच्या दोऱ्याहून थोडा जाड काळा धागा, त्याला टांगलेली खुर्ची, आणि खुर्चीत माणूस. बघणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटायला नको. काडीला बेत पसंत होता. पाक तिचा, खुर्चीत ती बसणार, यात विचारायचं ते काय? महिनाभर तिने पाक डोळ्यांत तेल घालून सांभाळला. भांड्याच्या तळाशी बसलेला सगळ्यात दाट, सगळ्यात लांब नळ्यांचा भाग तिने पोलादी नळकांड्यात वेगळा काढून टेबलाखाली ठेवला. साखऱ्या म्हणाला होता, हा चिखल भोकातून जाणार नाही. ती म्हणाली, असू दे, मला चिखल आवडतो.

त्या दिवशी सकाळी साखऱ्याने तिला गोड बोलून पाहुण्यांना आणायला पाठवलं. तू आणलंस तर त्यांना वाटेल, घरच्या माणसाने आणलं. काडीला जरा बरंसुद्धा वाटलं, आणि हीच तिची चूक. साखर चाखायला लागलं की माणूस दात मोजायचं विसरतो.

दुपारी ती पाहुण्यांना घेऊन कारखान्यात शिरली. सगळं लखलखीत. फरशी पुसलेली, तारा लपवलेल्या, रंगाचे डाग पडलेली शिडीसुद्धा नजरेला खुपू नये म्हणून शेजारच्या गोदामात टाकून त्याला कुलूप. छताच्या तुळईला साखळीची पुली, पुलीच्या आकड्याला एक काळी रेघ, रेघेच्या खाली खुर्ची. आणि खुर्चीत, दोन माणसांच्या उंचीवर, इस्त्रीचा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसावं तसे तिचे वडील.

पाहुण्यांनी श्वास रोखला. पाहुण्यांची प्रमुख बाई, जिच्या चष्म्याला गळ्यातली साखळी होती, ती हळूच म्हणाली की हे विलक्षण आहे. काडीने रेघेकडे पाहिलं. रेघ चमकत होती.

तिचा धागा कधी चमकत नसे.

ती कुणाशी काही न बोलता काचपेटीपाशी गेली. मोज्यांत हात घातले, काचेची कांडी पाकात बुडवली, उचलली. तार दोन बोटं उतरली आणि तुटली. टप. पुन्हा उचलली, टप. पेटीच्या कोपऱ्यात आवाजाची कांडी आडवी होती, टोक अजून काळं, ओलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. काडीच्या बाबतीत आग मस्तकात गेली, तिथे जागा पुरली नाही, म्हणून परत खाली आली.

तिने साखऱ्याला बाजूला घेतलं नाही. सगळ्यांच्या समोर, सरळ आवाजात विचारलं की बाबांना वर कुणी बसवलं. साखऱ्या पाहुण्यांकडे बघून हसला. म्हणाला, ज्या माणसाने जन्मभर दोर पारखले त्याच्याहून मोठा साक्षीदार कोण?

वरून बाप कौतुकाने म्हणाला, "अगं, तू सकाळी लटकून बघितलंस म्हणाला तो. तू लटकलीस म्हणजे झालं. मी डोळे मिटून बसलो."

काडी सकाळी लटकलेली नव्हती. काडी सकाळी पाहुण्यांच्या हॉटेलात कॉफी पीत होती.

"बाबांना खाली घे," ती म्हणाली. "आणि तू बस."

"ताई, आता पाहुण्यांसमोर..."

"पाक तुझा आहे. माझा होता, कांडी लावल्यापासून तुझा झाला. पाक करणाऱ्याने आधी लटकायचं. बस."

साखऱ्याच्या तोंडातली साखर पहिल्यांदा संपली. त्याने खुर्चीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला. बसतो असं तो म्हणाला नाही. आणि वर बसलेल्या म्हाताऱ्याने ते बघितलं. दोर बोलतो तसा माणूसही बोलतो, ऐकणारा पाहिजे.

"तू नाही बसणार?" बापाने विचारलं.

साखऱ्याने एक पाऊल मागे घेतलं.

आता कुणालाही वाटेल की म्हातारा चिडेल, उतरवा म्हणेल. छे. बाप तो बाप. त्याने घसा खाकरला आणि काडीला म्हणाला, चार माणसांत भावाला बोलू नये. मी बसलोय ना, ठीक बसलोय. काडीला साखऱ्याचा जेवढा राग आला होता, त्याहून वीतभर जास्त राग या वाक्याचा आला. एकाने बापाला तुटणाऱ्या धाग्यावर टांगलं, आणि टांगलेला बाप त्याची अब्रू सांभाळतोय.

ती स्वतःच साखळी ओढायला धावली. तेवढ्यात वरून बापाचा आवाज आला, पण वेगळा, लिफ्टच्या विहिरीतला.

"साखळीला हात लावू नकोस. हा बोलायला लागलाय."

सगळे कान देऊन उभे राहिले. खरंच, फार बारीक, करंगळीच्या नखाने कागद खरवडावा तसा आवाज येत होता. तुकडे एकमेकांवरून सरकत होते. साखळीचा एक झटका बसला असता तर खुर्ची खाली. शिडी गोदामात, गोदामाला कुलूप, कुलपाची किल्ली कुठल्या पँटीत ते साखऱ्याला आठवेना. पाहुण्यांतल्या एकाने स्वागतकक्षातली उशी आणून खुर्चीखाली ठेवली आणि मागे सरला. उशीवर वेल विणलेली होती. काडीला तिचाही राग आला.

तिने टेबलाखालचं पोलादी नळकांडं उचललं. तळाचा पाक, चिखल. तो यंत्राला जोडला, दाबाचा दांडा फिरवला. भोक तुंबलं. आणखी फिरवला. दाबाच्या तबकडीवरचा काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला, तिथे थरथरला, मग तबकडीच संपली तेव्हा तो मुकाट उभा राहिला. आणि चिखल भोकातून बाहेर आला, एसीटोनमध्ये काळा साप उतरावा तसा. पाण्याच्या टाक्यातून जाऊन टोक दुसऱ्या बाजूला निघालं. खरबरीत, मळकट, अंगावर केस.

रहाटावर गुंडाळायला वेळ नव्हता. रहाट ठरलेल्या गतीनेच फिरणार, आणि काडीला त्या क्षणी कुठलीच ठरलेली गती मान्य नव्हती. तिने टोक हातमोज्याच्या मुठीत धरलं आणि चालायला लागली. दाराबाहेर, गल्लीत, सरळ. बाहेर ऊन आणि वारा; धागा मागे ताणत, वाळत येत होता. इथून पुढचं पटणार नाही, तरी ऐका.

ती पहिल्यांदा चालली ते बापाच्या जिवासाठी. दहा पावलांत तिला आठवलं की लहानपणी तिची कंपासपेटी साखऱ्याने मोडली होती आणि आईला सांगितलं होतं की ती आपोआप मोडली. धागा ताणला गेला, निम्म्याने बारीक झाला, पण तुटला नाही. चौकात न्हाव्याच्या दुकानापाशी तिला आठवलं की शाळेत तिच्या प्रयोगाला बक्षीस मिळालं तेव्हा ते घ्यायला हा मंचावर गेला होता, कारण ताई लाजते. काडी जन्मात लाजलेली नव्हती. धागा आणखी बारीक झाला, आणखी चिवट. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेला एक इसम बसला होता. धागा दारावरून गेला तशी दाराची पाटी सरळ कापली गेली आणि न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, यापुढे हे हत्यार काय करायचंय?

मोठ्या रस्त्यावर बस येत होती. काडी रस्ता ओलांडून गेली होती, पण धागा आडवा होता आणि तो आता डोळ्यांना दिसेनासा झाला होता. चालकाने काही बघितलं नाही. बस येऊन धाग्याला टेकली आणि थांबली. इंजिन गुरगुरतंय, चाकं फिरतायत, बस जागच्या जागी. त्याच वेळी काडीला आठवलं, "ताई असते मदतीला." तिने मूठ आवळली आणि पाऊल असं टाकलं की बस मागे सरकली. मागच्या थांब्यापर्यंत. तिथे जी म्हातारी बस चुकली म्हणून शिव्या घालत उभी होती ती शांतपणे चढली आणि तिकीट मागितलं.

वाहतुकीचा हवालदार शिट्टी फुंकत आला. रस्त्यावर अडथळा, कापून टाका म्हणाला. कोपऱ्यावरचा शिंपी त्याची सर्वांत मोठी कात्री घेऊन आला. कात्रीचे दोन्ही दात पडले आणि शिंप्याने ती कापडात गुंडाळून परत नेली, आजाऱ्याला न्यावं तशी. हवालदाराने काडीला नाव विचारलं. तिने त्याच्याकडे फक्त बघितलं. त्याने शिट्टी खिशात घातली आणि तिच्यासाठी समोरची गर्दी बाजूला करायला लागला.

साखऱ्या मागून पळत होता. आधी म्हणत होता, ताई, ऐक. मग, ताई, चुकलं. मग, ताई, मी फक्त वरवर लावली होती कांडी. प्रत्येक वाक्याला काडीचं पाऊल लांब पडत होतं. टपालपेटीला वळसा, दिव्याच्या खांबाला वळसा, बांधकामाच्या परांचीला वळसा, पाण्याच्या टाकीच्या पायांमधून, बँकेच्या दगडी खांबांना एक फेर, आणि मग मागच्या गल्लीतून कारखान्याच्या मागच्या दारात. धागा आता इतका बारीक झाला होता की तो आहे हे फक्त तो जिथून जाईल तिथल्या माश्यांना कळत होतं.

आत वरचा आवाज मोठा झाला होता. आता तो कुणालाही ऐकू येत होता. बाप डोळे मिटून बसला होता. काडीने टोक तुळईवरून फेकलं. पहिल्यांदा चुकलं, तेव्हा तिने एक शब्द उच्चारला जो इथे सांगता येणार नाही, आणि दुसऱ्यांदा धागा शब्दाला घाबरून बरोबर पलीकडे गेला. टोक बापाच्या हातात पडलं. लिफ्टवाल्याची बोटं, त्याने डोळे न उघडता खुर्चीच्या पाठीला आणि बुडाला वेढा घातला, गाठ मारली, गाठीवरून अंगठा फिरवला. आणि चकचकीत रेघ तुटली.

खुर्ची वीतभर खाली आली आणि थांबली.

थांबली, पण सगळी वस्ती हलली. धागा कारखान्यातून निघून गल्लीभर फिरून परत आलेला, त्यामुळे म्हाताऱ्याचं वजन पडलं तसा बँकेचा खांब कण्हला, पाण्याची टाकी एका पायावर आली, दिव्याचा खांब नमस्कार घालावा तसा वाकला, टपालपेटीने आतली सगळी पत्रं बाहेर टाकली आणि कारखान्याची इमारत, काय झालं बघायला, एका बाजूला मान तिरकी करून उभी राहिली. ती अजून तशीच आहे. भाडेकरू सांगतात की गोट्या ठेवल्या की आपोआप उत्तरेकडे जातात. बस पुढे जायला निघाली होती, तिला पुन्हा दोन हात मागे यावं लागलं. सगळा भाग एका म्हाताऱ्याला धरून उभा होता.

म्हाताऱ्याने धाग्यावर कान टेकवला. बराच वेळ. पाहुण्यांची प्रमुख बाई चष्मा हातात घेऊन उभी होती, तिलाही कळलं की आत्ता बोलायचं नाही.

"हा बोलत नाही," बाप म्हणाला. "हा दोर."

पाहुण्यांनी मग विचारलं की हा धागा कुणी काढला. साखऱ्याने तोंड उघडलं. वस्तीभर धावून त्याला दम लागला होता, सदरा घामाने अंगाला चिकटला होता, आणि सवयीने त्याच्या ओठांवर 'आम' एवढं येऊन ठेपलं. काडीने त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं, बोट उचललं आणि तिच्याकडे दाखवलं. तेव्हापासून पुलांना, विमानांना, कुठे कुठे जो काळा धागा लागतो त्याला तिचीच खूण आहे.

शिडी आली, किल्ली दुसऱ्याच पँटीत सापडली, बाप उतरला. उतरल्यावर त्याने आधी उशीकडे बघितलं आणि मग मुलाकडे, आणि उशी उचलून मुलाच्या हातात दिली. साखऱ्या ती उशी छातीशी धरून लहान मुलासारखा रडायला लागला. आणि शेवटी रक्त ते रक्तच. काडीचा राग वस्तीभर ताणून ताणून इतका बारीक झाला होता की तो दिसेना. तिने भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, झालं गेलं विसरू या, आणि त्या संध्याकाळी दोघं, लहानपणी जेवत तशी, एकाच ताटात...

"मामा, पुरे."

खिडकीपाशी काडीच्या मांडीवरून मांजर खाली उतरलं.

"बस मागे गेली, म्हटलं जाऊ दे. शिंप्याची कात्री मोडली, इमारत वाकडी झाली, सगळं ऐकून घेतलं. पण हे खोटं. मी त्याच्या डोक्याला हात लावलेला नाही आणि त्याच्या ताटात जेवलेली नाही. तो चकचकीत धागा मी गाठ मारून जपून ठेवलाय. पाक त्याचा होता. एकदा येऊन त्याच्यावर बसू दे, मग जेवायचं बघू."